हर्नीच्या पुराची वही

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं मी. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. कारण यात मी काही फार चांगला दिसत नाही, आणि आमचं गाव छोटं. एकसष्ट माणसं, एक चर्च, एक पब. इथं कुणी शिंकलं तरी दुसऱ्या टोकाला कळतं. पण न लिहिता बसलो तर झोप लागेना. म्हणून लिहितो. शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली, लिहायचं कुणी शिकवलं नाही. तेव्हा बोलतो तसंच येणार.

१

मिस हेस्टर हेम्ब्रो बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास जिन्याखाली सापडल्या. मान वाकडी, एक चप्पल पायात, एक वरच्या पायरीवर. सापडल्या टॅमझिनला, ती त्यांचं घरकाम बघायची. मी तिच्या मागेच होतो, हातात सुपाचं भांडं धरून.

"पेरी," टॅमझिन म्हणाली, "त्या गार पडल्यात रे."

रविवारी नदीचा बांध फुटला होता. हर्नी एका उंचवट्यावर आहे, त्यामुळे गाव तसं कोरडं राहतं. पण चारही बाजूंना पाणी. रस्ता गेला, वीज गेली, मंगळवारी फोनही गेले. गावात चालणारी दोनच वाहनं उरली. माझा ट्रॅक्टर, आणि गिल्बर्टच्या पबमागे बांधलेली सपाट तळाची होडी. मिसचं घर उताराला, सगळ्यांत शेवटी. उंबऱ्यापर्यंत पाणी आलेलं. तरी बाई घर सोडेनात. वरच्या खोलीत बसून लिहीत होत्या.

काय लिहीत होत्या ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. हर्नीचा इतिहास. अकरा वर्षं चालू होता. शेवटचं प्रकरण १९२९च्या पुराचं, ज्यात खालच्या आळीतली तीन माणसं बुडाली. शनिवारी सभागृहात ते वाचून दाखवायचं होतं. पूर असो नसो, वाचणारच, असं बाईंनी मला बजावलं होतं.

मी वर गेलो. टेबलावर चष्मा, दौत, गार चहा. निळ्या पुठ्ठ्याची वही नव्हती.

२

बारा वाजता सगळं गाव सभागृहात जमलं. तसं ते रविवारपासून तिथंच होतं. ओल्या लोकरीचा वास, जनरेटरची घरघर, आणि पाव संपत आलेला. चार दिवस तीच तोंडं बघून माणसं एकमेकांच्या चघळण्यावरही चिडायला लागली होती. दारातून बाहेर बघावं तर पाणी. खिडकीतून बघावं तर तेच पाणी.

मिस्टर ऑब्री ट्रॅट उभे राहिले. चर्चची व्यवस्था बघणारे तेच, इतिहास मंडळाचे अध्यक्ष तेच. त्यांच्या आजोबांच्या नावाची पितळी पाटी चर्चमध्ये आहे: जोसाया ट्रॅट, ज्याने १९२९ साली हर्नी वाचवलं.

"काल शेवटचं कोण गेलं होतं तिकडं?" त्यांनी विचारलं.

आणि मी बोललो. कुणी मला विचारलंही नव्हतं.

"टॅमझिन," मी म्हणालो. "चारला ट्रॅक्टरवरून सोडलं मी तिला, पाचला आणलं. बाहेर आली तेव्हा रडत होती. हातात भरलेली पिशवी होती. आणि मिस दारात आल्या नाहीत. एरवी येतात."

एवढंच. खरं होतं सगळं. पण सभागृहातली सगळी डोकी एकदम वळली ना, तो आवाज अजून ऐकू येतो मला. बाकं करकरली.

कारण टॅमझिनचं आडनाव पोकॉक. तिचे पणजोबा रुबेन पोकॉक पाण्याच्या दरवाजाचे राखणदार होते. दरवाजा उघडला की पुराचं पाणी रिकाम्या कुरणांत जातं, बंद ठेवला की खालच्या आळीत. त्या दिवशी रुबेन सायडर पिऊन झोपला आणि दरवाजा बंदच राहिला, असं गाव सांगतं. शेवटी जोसाया ट्रॅटनी येऊन उघडला म्हणे. आजही आमच्याकडे उशिरा उठणाऱ्याला म्हणतात, "काय रे, पोकॉक झाला का तुझा?" टॅमझिनसमोरही म्हणतात. ती हसते. म्हणजे हसायची.

"तिला ते प्रकरण वाचलं जायला नको होतं," कुणीतरी मागून म्हणालं.

"अहो, चादरी होत्या पिशवीत!" टॅमझिन ओरडली. "मिसच्या मळक्या चादरी!"

"मग रडत का होतीस?" मिस्टर ट्रॅटनी अगदी मायेनं विचारलं.

तिनं खाली बघून कोटाची बटणं लावायला घेतली.

संध्याकाळपर्यंत तिला पबमागच्या लांबट खोलीत नेऊन बसवलं. तिथं आम्ही लाकडी चेंडूनं खुंट्या पाडायचा खेळ खेळतो. खिडकी नाही. बाहेरून कडी. "तिच्याच भल्यासाठी," मिस्टर ट्रॅट म्हणाले. "फोन जायच्या आधी ठरलंय, शुक्रवारी दुपारी पोलिसांची बोट येईल. तोवर."

३

गुरुवारी सकाळी मी तिला चहा घेऊन गेलो. गिल्बर्ट कोट, पबचा मालक, दाराशी खुर्ची टाकून बसलेला. सोमवारी पिंप सरकवताना त्याचं मनगट मोडलं होतं, हात गळ्यात बांधलेला.

"दहा मिनिटं, पोरा," तो म्हणाला. "आणि तिला म्हणावं गिल्बर्टला हे पटत नाही. पण मला विचारतंय कोण?"

टॅमझिन खेळाच्या लांब पाटावर पाय सोडून बसली होती. मला बघून म्हणाली, "आलात? अजून काही दिसलं का तुम्हाला? मी काय खाल्लं ते पण सांगून टाका सभेत."

ती मला अहो-जाहो करत होती. एकाच बाकावर शिकलो आम्ही.

"टॅम, मी फक्त..."

"तू फक्त पाहिलंस ते सांगितलंस. माहितीये." तिनं चहा घेतला. "सोमवारी ब्रिस्टलला नर्सिंगचा पहिला दिवस आहे माझा. दोन वर्षं थांबले होते त्या जागेसाठी. पोलिसांनी एकदा नेलं की ती जागा गेली. आणि मग मी याच गावात म्हातारी होणार, पेरी. खून केलेली पोकॉक म्हणून."

"रडत का होतीस?"

तिनं कप पाटावर ठेवला.

"मिसनी सांगितलं म्हणून. रुबेन पणजोबा झोपले नव्हते. प्यायलेही नव्हते. ते खालच्या आळीत दारं ठोकत पळत होते, माणसांना उठवत. दरवाजा उघडायचा दांडा आधीच कुणीतरी काढून नेला होता. वहीत पुरावा आहे म्हणाल्या, एक जुनं पत्र. म्हटलं, मला द्या, नुसतं आईला दाखवते. तर म्हणाल्या, शनिवारी सगळ्यांबरोबर ऐक. भांडले मी. ओरडले. मग रडले."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"वहीशिवाय? पोकॉकच्या तोंडून?" ती हसली, पण ते हसू नव्हतं. "आणि गुडघा सुजला होता त्यांचा, म्हणून दारात आल्या नाहीत. जा आता. गिल्बर्टची दहा मिनिटं झाली."

बाहेर आलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट. तिला वही हवी होती. चोरायला कारण होतं, पण लपवायला नव्हतं. आणि जर ती खरं बोलत असेल, तर दांडा कुणी नेला?

किंवा ती खोटं बोलत असेल. लिहायचं तर सगळंच लिहितो. तेव्हा हेही आलं मनात.

४

"मंगळवारी संध्याकाळी तुझी होडी कुठं होती?" मी गिल्बर्टला विचारलं.

"बांधलेली. पण बुधवारी सकाळी गाठ वेगळी होती. मला वाटलं पोरांनी खेळायला नेली." तो कण्हत उठला. "माझ्याकडे असं बघू नकोस. या हातानं मी मिशी पुसू शकत नाही, वल्हवतोय कसला!"

"मग कुणी नेली?"

"वल्हवता सगळ्यांनाच येतं, पाद्रीबाई सोडून." तो थांबला. "एक सांगू? बुधवारी सभा सुटल्यावर मी मिसच्या मधपेट्यांना सांगायला गेलो. म्हटलं, तिचं कुणी नाही, कुणीतरी करायला हवं. तर आधीच झालेलं. पाचही पेट्यांना काळी पट्टी. मला बरं वाटलं. म्हटलं, टॅमझिन काही असली तरी रीत पाळते."

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या मधमाश्यांना सांगावं लागतं. पेटीवर तीनदा टकटक करायची, मालक गेला म्हणून सांगायचं, काळं कापड बांधायचं. नाही सांगितलं तर माश्या मरतात किंवा निघून जातात. मिसच्या पाच पेट्या मीच सोमवारी ट्रॅक्टरवरून चर्चच्या आवारात उंचावर आणून ठेवल्या होत्या, दोरीनं बांधून.

मी परत दाराशी गेलो. "टॅम, मधपेट्यांना तू सांगितलंस?"

"मिस सापडल्यापासून सुटले कधी मी तुमच्या तावडीतून?" आतून आवाज आला. "आणि मी नाही मानत ते. मिस पण हसायच्या मला."

मग कुणी?

मी आवारात गेलो. पाऊस भुरभुरत होता. पाच पेट्या, पाच काळ्या पट्ट्या, प्रत्येक नीट गाठ मारून. कापड जाड, जुनं, आणि एका कडेला राखाडी चंदेरी दोरा विणलेला. ते कापड मी कुठंतरी पाहिलं होतं.

"सुंदर दिसतात ना?" मागून आवाज आला.

पाद्रीबाई. फीबी लाईल. बर्मिंगहॅमहून येऊन आठच महिने झाले होते त्यांना. हातात छत्री, पायात उसने बूट.

"मला वाटलं पुराच्या दिवसांत इथं पेट्या सजवत असतील," त्या म्हणाल्या. "फोटो काढला मी. हा बघ, केवढं पाणी आणि मागे सूर्य वर येतोय. नेटवर्क आलं की बिशपना पाठवणार आहे."

मी त्यांच्या फोनकडे बघितलं. पाणी होतं. सूर्य होता. कोपऱ्यात पाच पेट्या, पाच काळ्या पट्ट्या.

खाली लिहिलेलं: बुधवार, आठ वाजून दहा मिनिटं.

मिस आम्हाला सापडल्या अकराला.

५

मी चर्चच्या पायऱ्यांवरच बसलो. पाद्रीबाई विचारत होत्या, बरं वाटत नाही का, काही खाल्लंयस का.

"बाई, मधपेट्यांना काळं का बांधतात माहितीये तुम्हाला?"

"नाही रे. का बांधतात?"

सांगितलं. त्यांनी छत्री मिटली. पाऊस डोक्यावर पडत राहिला.

"म्हणजे आठ वाजता कुणालातरी माहीत होतं," त्या हळूच म्हणाल्या.

"हो. आणि तो कुणी बाहेरचा नाही. तुमच्यासारख्या माणसानं प्रेत तसंच सोडलं असतं आणि गप्प राहिला असता. पण हर्नीत जन्मलेला माणूस, त्याला माश्यांना सांगितल्याशिवाय राहवलं नाही. प्रेत कधी सापडेल कुणास ठाऊक, पाणी उतरायला आठवडा लागेल. तोवर माश्या मेल्या तर?"

"मग टॅमझिन पण..."

"ती मानत नाही. पण ते राहू दे, तो पुरावा नाही. कापड कुठलं आहे?"

त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात, क्रूसाच्याच साखळीत असते. कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात शवपेटीवर टाकायचं काळं कापड, कडेला चंदेरी दोरा. एका बाजूनं ते फाडलेलं होतं. सरळ, काळजीपूर्वक. मी पट्टी लावून बघितली. बसली.

"किल्ल्या किती आहेत, बाई?"

"दोन. ही माझी." त्यांचा चेहरा उतरला. "आणि एक ऑब्रीची."

दार वाजलं. मिस्टर ट्रॅट आत आले, हातात पितळ घासायचं फडकं. उघडं कपाट त्यांनी बघितलं, माझ्या हातातली पट्टी बघितली.

"पेरी," ते म्हणाले, "ते कापड शंभर वर्षांचं आहे. ओल्या हातानं धरू नये."

६

गिल्बर्टला मी हाक मारून बोलावलं. मला एकट्याला बोलायची हिंमत नव्हती, खोटं कशाला सांगू. टॅमझिनच्या दाराची कडी त्यानं येताना स्वतःच काढली, न विचारता. तीही आली, दाराशी उभी राहिली.

मी सांगितलं. सलग नाही जमलं, मागं पुढं झालं. फोटोची वेळ. कापड. दोन किल्ल्या, आणि त्यातल्या एकीच्या मालकिणीला पट्ट्या ही सजावट वाटली होती.

"आणि माझी होडी," गिल्बर्ट म्हणाला. "ती गाठ. ऑब्री, तुझ्याशिवाय तशी गाठ कोण मारतं रे? मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मिस्टर ट्रॅट बाकावर बसले. म्हातारे दिसले एकदम. फडकं घडी करत राहिले, चारदा, आठदा.

"त्या माश्यांची जात माझ्या आईकडची आहे," ते म्हणाले. "हेस्टरला मीच दिली होती पहिली पेटी. त्यांचा काय दोष?"

पाद्रीबाईंनी कपाटाचं दार लावलं.

"मी नुसता विनवायला गेलो होतो. शनिवारी वाचू नकोस एवढंच. तिनं ते पत्र काढलं. माझ्या आजोबांचं अक्षर मी ओळखणार नाही का? आपलं चाळीस एकर गवत वाचावं म्हणून दांडा काढून नेला होता, भावाला लिहिलं होतं तसं. माणसं बुडाल्यावर तीन दिवसांनी उघडला दरवाजा, आणि पाटी लागली. मी वही उचलली. ती मागं आली, गुडघा सुजलेला... मी ढकललं नाही. देवाशपथ नाही."

"मग?" पाद्रीबाईंनी विचारलं.

"आवाज आला. मी मागं वळलो. ती काहीतरी म्हणाली." ते थांबले. "आणि मी होडीत बसलो."

टॅमझिन पुढं आली. मला वाटलं मारणार. "काय म्हणाल्या त्या?"

"ऐकू नाही आलं."

"खोटं."

"‘ऑब्री’ म्हणाली," ते म्हणाले. "नुसतं ‘ऑब्री’."

पाद्रीबाईंनी तोंडावर हात धरला. गिल्बर्ट खिडकीकडे वळला, बाहेर पाण्याशिवाय काही नसताना.

"वही कुठं आहे?" मी विचारलं. "जाळली?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच गुन्हा केला होता. "तीस वर्षं मी या गावाचे कागद सांभाळतोय, पोरा. जाळेन?"

इतिहास मंडळाच्या कागदांची पेटी त्याच खोलीत होती, ती त्यांनी स्वतः उघडली. वही वरच होती, पांढऱ्या कागदात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून. त्यावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात क्रमांक घातलेला, तारीख घातलेली. मंडळाच्या यादीतही नोंद होती: हेम्ब्रो, हर्नीचा इतिहास, शेवटचे प्रकरण, सोबत एक पत्र. माणूस जिन्याखाली पडलेला, आणि यानं परत येऊन यादी पुरी केली होती.

टॅमझिननं वही घेतली. दोऱ्याची गाठ सुटेना, तर गिल्बर्टनं एका हातानं मदत केली. उभ्यानंच वाचलं तिनं. एका ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "रुबेन पोकॉक यांनी सतरा दारं ठोकली. चौदा उघडली."

मग ती बाकावर बसली आणि पोटातून रडली. मिस्टर ट्रॅट समोरच्याच बाकावर. जायचं कुठं? चारी बाजूंना पाणी. पोलिसांची बोट यायला अजून एक दिवस होता, आणि तो अख्खा दिवस आम्ही सगळे त्याच गावात, त्याच सभागृहात, त्याच शिळ्या पावावर काढला. मिस्टर ट्रॅटना कुणी कोंडलं नाही. त्यांच्या बाजूची बाकं मात्र आपोआप रिकामी झाली. त्यांना पाव नेऊन दिला तो टॅमझिननं. का ते मी विचारलं नाही.

७

शुक्रवारी दुपारी बोट आली. पोलिसांनी मिस्टर ट्रॅटना मागं बसवलं. बाहेर पडायची तीच एक वाट, म्हणून टॅमझिनही त्याच बोटीत, पुढं, मांडीवर बॅग. वहीची नक्कल पाद्रीबाईंनी करून दिली होती, ती कोटाच्या आत.

धक्क्यावर अर्धं गाव आलं होतं. कुणी म्हणालं, "आम्हाला पहिल्यापासून वाटतच होतं गं." टॅमझिन त्या बाईकडे बघत राहिली, बाई मागं सरकली.

मी गुडघाभर पाण्यात उभा होतो, बोटीची कड धरून.

"सोमवारी वेळेवर पोचशील," मी म्हणालो.

"हो. पोकॉक होणार नाही माझा." आणि लगेच, "आता ते म्हणायचं बंद करा रे तुम्ही."

"टॅम, मी बोलायला नको होतं."

"बोलायला हरकत नव्हती. जे माहीत होतं त्यातलं अर्धंच बोललास. लहानपणापासून ओळखतोस मला, हे कुठं सांगितलंस? उभं राहून एवढं तरी म्हणायचं, की मला नाही वाटत हिनं केलं असेल."

"मला वाटत होतं. थोडं."

तिनं मान हलवली. राग नव्हता, की होता, कळलं नाही. "ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं मला."

इंजिन सुरू झालं. पोलीस म्हणाला, हात काढ.

"लिही हे," ती म्हणाली. "मिसचं प्रकरण अपुरं राहिलंय. या पुराचं कोण लिहिणार, ट्रॅट? तू लिही. आणि शनिवारी नाही तर कधीतरी सभागृहात उभं राहून वाच. त्यांनी केलेलं लिही, आणि तू केलेलं पण. ते गाळलंस तर मी परत येऊन तुला पाण्यात बुडवीन."

"मी नीट लिहू शकत नाही."

"नीट नको. पुरं लिही. दे शब्द."

मी दिला. म्हणालो, टॅम, पुरं लिहीन, माझं नाव घालून लिहीन, आणि उभा राहून वाचीन.